ग्रंथेतिहासाची परिषद आणि मराठी ग्रंथ

ग्रंथेतिहास ही ज्ञानशाखा आता नवखी राहिलेली नाही. लेखन, वाचन आणि प्रकाशन यांच्या इतिहासाला वाहिलेली ‘शार्प’ ही आंतरराष्ट्रीय संस्था 1991 मध्ये स्थापन झाली आणि 1993 पासून तिच्या परिषदा भरू लागल्या. भारतात जादवपूर विद्यापीठातील अभ्यासकांनी हा विषय नेटाने पुढे नेला. अभिजित गुप्ता आणि स्वपन चक्रवर्ती यांनी संपादित केलेले ‘प्रिंट एरियाज’ (2004) व ‘मूव्हेबल टाइप’ (2008) हे निबंधसंग्रह त्याची साक्ष देतात. मराठी विभागांच्या चर्चासत्रांतही ‘मुद्रणसंस्कृती’ हा शब्द आता रुळला आहे. ही घटना स्वागतार्ह आहे. परंतु अशा चर्चासत्रांत नेमके काय घडावे, याचा विचार मात्र पुरेसा झालेला दिसत नाही.

या संदर्भात एक योगायोग लक्षणीय आहे. पाश्चात्त्य ग्रंथेतिहासाचा पायाभूत ग्रंथ मानले जाणारे फेव्र आणि मार्तँ यांचे फ्रेंच पुस्तक 1958 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने अ. का. प्रियोळकर यांचा भारतातील मुद्रणाच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रकाशित केला. फ्रेंच पुस्तकातून एक ज्ञानशाखा उभी राहिली; प्रियोळकरांच्या ग्रंथातून प्रामुख्याने तळटीपा निघाल्या. याचा दोष केवळ इंग्रजी ज्ञानव्यवहाराच्या वर्चस्वावर टाकून मोकळे होता येणार नाही. मराठी संशोधनाला ‘आद्य’ या विशेषणाचा विलक्षण मोह आहे. आद्य मुद्रित, आद्य मुद्रक, आद्य पंचांग, आद्य नियतकालिक यांची निश्चिती झाली की संशोधन पूर्ण झाले, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. प्रियोळकरांनी जमवलेल्या सामग्रीला पुढचे प्रश्न विचारणे हे नंतरच्या पिढ्यांचे काम होते. ते फारसे झाले नाही.

पुढचे प्रश्न कोणते, हे त्या सामग्रीतच दिसते. गोव्यात 1556 मध्ये मुद्रणयंत्र आले. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. देशी लिपीत छापण्याची इच्छा स्टीफन्सने 1608 च्या पत्रात व्यक्त केली होती आणि त्या लिपीला सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचणही सांगितली होती. मराठी ओवीच्या मुद्रित रूपाचे भवितव्य येथे धर्ममताइतकेच खिळ्यांच्या संख्येने ठरले आहे. पुढे श्रीरामपूर येथून विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये देवनागरी खिळ्यांत आणि कोश 1810 मध्ये मोडी खिळ्यांत निघाला. म्हणजे मोडीचे खिळे पाडणे शक्य होते व ते पाडलेही गेले होते. तरीही मोल्सवर्थचा 1831 चा कोश बाळबोधीत आहे आणि मुद्रित मराठीचे पुढील सारे वाङ्मय त्याच लिपीत आहे. दप्तराची लिपी आणि ग्रंथाची लिपी यांची ही ताटातूट का झाली, तिच्यामुळे कोणता वाचकवर्ग घडला आणि कोणता वगळला गेला, हा वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणत्याही आयात केलेल्या आकृतीत मिळणार नाही.

शिळाप्रेसचीही गोष्ट अशीच आहे. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. बाळशास्त्री जांभेकरांनी सिद्ध केलेली ज्ञानेश्वरीही 1845 मध्ये शिळाछापावरच निघाली. शिळाप्रेसमध्ये लेखनिकाचे हस्ताक्षर नाहीसे होत नाही; ते अनेक प्रतींत जाते. हस्तलिखिताचा काळ संपला आणि मुद्रणाचा सुरू झाला, ही पाठ्यपुस्तकी सीमारेषा मराठीपुरती तरी पुसट करावी लागते. शाईत चरबी असल्याच्या संशयाने छापील धर्मग्रंथ वर्ज्य मानला जाई आणि म्हणून तुपाची शाई वापरली गेली, ही हकिकत चर्चासत्रांत गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः कागद आणि शाई यांनाही सोवळेओवळे लागू होते, याचा तो पुरावा आहे. त्याच्याशी जातिव्यवस्थेचा संबंध जोडल्याशिवाय मुद्रणाने ज्ञान सर्वांस खुले केले, हे विधान करणे धाडसाचे ठरेल.

अलीकडच्या अनेक निबंधांत रॉबर्ट डार्नटनचे 1982 मधील संज्ञापन-वर्तुळ आरंभी येते आणि नंतर ‘लोकावकाश’ या संकल्पनेची चर्चा होते. सिद्धान्ताला विरोध करण्याचे कारण नाही. त्याच्याशिवाय सूचीकाराचे श्रम केवळ यादी होऊन राहतात. परंतु लेखक, प्रकाशक, मुद्रक, विक्रेता व वाचक ही वर्तुळातील स्थाने मराठी सामग्रीने भरायची तर ती सामग्री हाताळावी लागते, आणि नेमके तेच टाळले जाते. चर्चासत्राच्या सभागृहात एकही जुना ग्रंथ नसतो. ग्रंथेतिहासाच्या परिषदेत ग्रंथच अनुपस्थित असावा, हे चमत्कारिक नव्हे काय?

ही सामग्री कोठे आहे? 1867 च्या पंचविसाव्या कायद्यान्वये प्रांतोप्रांतीच्या मुद्रितांच्या त्रैमासिक याद्या निघत. पुस्तकाचे नाव, भाषा, मुद्रक, पृष्ठसंख्या, आकार, किंमत, आवृत्ती, छापील प्रतींची संख्या, खिळाछाप की शिळाछाप एवढा तपशील त्यांत असे. पाळत ठेवण्यासाठी केलेली ही नोंद आज अभ्यासकाला उपकारक ठरते, आणि डार्नटनने तिचा उपयोगही करून घेतला आहे. मराठी विभागांत मात्र या याद्या फार थोड्यांनी पाहिल्या असतील. शं. ग. दाते यांची 1800 ते 1937 या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ 1943 मध्ये आणि 1950 पर्यंतचा दुसरा खंड 1961 मध्ये निघाला. एका व्यक्तीच्या चिकाटीवर उभे असलेले हे काम विद्यापीठांना लाजवणारे आहे. लावण्या, कहाण्या, व्रतकथा, वगनाट्ये यांच्या स्वस्त चोपड्यांचा ठाव मात्र अशा सूच्यांतूनही सर्वस्वी लागणे कठीण, कारण त्या जपून ठेवण्याजोग्या आहेत असे कोणाला वाटलेच नाही. अनेक ग्रंथालयांत नवी बांधणी करताना मूळ वेष्टण, जाहिरातींची पाने आणि वर्गणीदारांच्या याद्या काढून टाकल्या जातात. संहिता शाबूत राहते. ग्रंथाचा इतिहास रद्दीत जातो.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. 1867 च्या कायद्याची जागा घेणारा 2023 चा कायदा 1 मार्च 2024 पासून अमलात आला. त्याच्या कक्षेतून पुस्तके वगळली आहेत. ठरावीक ग्रंथालयांत प्रत जमा करण्याची 1954 च्या कायद्यातील तरतूद वेगळी आहे. परंतु तीत प्रत मिळते, प्रतींच्या संख्येची नोंद मिळत नाही. शिवाय ती तरतूद सर्व प्रकाशक पाळत नाहीत, हे उघड गुपित आहे. वासाहतिक सत्तेच्या काळात कोणते मराठी पुस्तक किती प्रतींत निघाले हे सांगता यावे आणि एकविसाव्या शतकातील पुस्तकाबद्दल ते सांगता येऊ नये, अशी स्थिती येऊ घातली आहे. मुद्रणसंस्कृतीवरील एखाद्या परिषदेने या प्रश्नावर साधा ठराव करण्यास हरकत नव्हती.

अशी परिषद सभागृहातून उठवून दोन दिवस मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संग्रहाच्या ठिकाणी नेता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे 1867 पूर्वीची दोलामुद्रिते ठेवून कागद, खिळे, मुद्रकाचे नाव, किंमत यांची नोंद कशी करावी, हे त्यांना शिकवता येईल. प्रत्येक विभागाने आपल्या जिल्ह्यातील एका जुन्या छापखान्याची मुद्रिते शोधून त्यांची सूची करण्याचे काम वाटून घेतले, तर पुढील परिषदेत वाचण्याजोगे निबंध आपोआप तयार होतील. त्या कामाला अनुदानापेक्षा वेळ अधिक लागेल. आणि तो जुळारी, बांधणीकार व रद्दीवाले यांच्याकडे जाऊन घालवावा लागेल.