नकार द्या, पण कारण लिहा!

लोकांचे चेक परत करण्यात माझी बावीस वर्षं गेली. तेव्हा 'नकार' या विषयावर चार शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे, हे आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा मान्य करील.

चेक परत करणं वाटतं तितकं सोपं नाही. 'न्या परत' म्हणून तो गिऱ्हाइकाच्या अंगावर भिरकावता येत नाही. त्याला मेमो जोडावा लागतो आणि मेमोवर कारण लिहावं लागतं. खात्यात पुरेशी रक्कम नाही. सही जुळत नाही. अक्षरी रक्कम आणि आकडा यांचं आपसांत पटत नाही. चेक शिळा झाला, म्हणजे 2012 पासूनच्या नियमाप्रमाणे तारखेला तीन महिने उलटून गेले. या कारणांना क्रमांकसुद्धा ठरवून दिलेले आहेत. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट 1881 सालचा. त्यातलं 138 वं कलम 1989 पासून लागू झालं आणि न वटलेल्या चेकपायी माणूस कोर्टात उभा राहू लागला. तिथं आमच्या मेमोला पुरावा म्हणून किंमत असते. सांगायचा मुद्दा, एवढासा कागदाचा कपटा परत करायचा तर आम्हाला कारण द्यावं लागतं.

आणि आमच्या घरातला साडेबारा हजारांचा प्रिंटर? तो एकच शब्द बोलतो. 'ऑफलाईन.'

हा प्रिंटर वायरलेस आहे. तो वायरलेस असावा हा हिचा हट्ट. हॉलमध्ये आणखी एक वायर लोंबलेली तिला चालणार नव्हती. शिवाय पुण्याहून भाच्यानं, म्हणजे बंड्यानं, फोनवर ठणकावून सांगितलं, "मामा, वायरीचा जमाना गेला." तेव्हा प्रिंटर बेडरूममधल्या कपाटावर चढला, संगणक हॉलमध्ये राहिला आणि दोघांमध्ये सोयरीक जमवायला राउटर नावाचा मध्यस्थ आला. मध्यस्थानं जमवलेल्या सोयरिकी जशा चालतात तशीच ही चालली. म्हणजे सणावाराला बरी आणि अडीअडचणीला बंद.

अडचण आली ती मे महिन्यात. मुलीची प्रवेशपरीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. छापील हॉल तिकिटाशिवाय आत सोडणार नाहीत, असं सूचनांमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं. संध्याकाळी अर्धा तास दिवे गेले, मग आले. रात्री पावणेदहाला मुलीनं छपाईची आज्ञा सोडली आणि पडद्यावर आलं, 'प्रिंटर ऑफलाईन.'

मी बेडरूममध्ये जाऊन पाहिलं. प्रिंटर चालू. निळा दिवा शांतपणे जळतोय. पोटात कागद आहेत, शाई आहे. जेवून-खाऊन शतपावलीला निघालेल्या माणसासारखा सगळा थाट. आणि संगणक म्हणतो, तो घरातच नाही!

कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला नऊला शटर ओढतो. तेव्हा मी तांत्रिक उपाय सुरू केले. प्रिंटर बंद करून चालू केला. संगणक बंद करून चालू केला. बंड्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, राउटर रीस्टार्ट केला का?" तोही केला. पुन्हा 'ऑफलाईन'. मग संगणकातल्या दोष शोधून देणाऱ्या सोयीला साकडं घातलं. तिनं पाच मिनिटं हिरवी पट्टी पुढं पुढं सरकवली आणि निर्वाळा दिला की दोष सापडला नाही. हा निर्वाळा ऐकून रोगी बरा झाला असता तर प्रश्न नव्हता. शेवटी प्रिंटर काढून टाकून नव्यानं बसवायला घेतला, तर संगणकात एकाच नावाचे दोन प्रिंटर उभे राहिले, आणि आता दोघेही ऑफलाईन! मुलगी एव्हाना रडायच्या बेतात होती. ही काही बोलत नव्हती, आणि बावीस वर्षांच्या संसारात मला याच गोष्टीची जास्त भीती वाटते.

अकरा वाजता मुलीनं प्रिंटरचं एक बटण दाबून धरलं आणि काय आश्चर्य, तो कुरकुरत एक कागद छापू लागला! कागदावर त्याची स्वतःची सगळी कुंडली होती. स्वतःची जाहिरात छापायला हा तयार, पोरीचं हॉल तिकीट छापायला नाही. मी चिडून कागद चुरगाळणार, तेवढ्यात त्यावरचा एक नंबर दिसला. 192.168.1.8. कारकुनाला नंबर दिसला की तो दुसऱ्या नंबराशी ताडून बघतो. हा आमचा धर्म आहे. संगणकात प्रिंटरची माहिती उघडली, 'पोर्ट' असं लिहिलेल्या जागी गेलो. तिथं नोंद होती 192.168.1.5.

सही जुळत नाही!

मग सगळा उलगडा झाला. पूर्वी आमच्या बँकेत पितळी टोकन देत तसाच हा मामला. घरातलं प्रत्येक यंत्र आत आलं की राउटर त्याच्या हातात एक नंबर ठेवतो. प्रिंटरला आधी पाच नंबरचं टोकन होतं. दिवे गेले आणि आमचा राउटर झालं गेलं सगळं विसरला. दिवे आल्यावर टीव्ही आधी जागा झाला आणि पाच नंबर घेऊन बसला. प्रिंटरला मिळाला आठ. आणि संगणक आपला जुन्या खजिनदारासारखा खिडकीतून ओरडतोय, "पाच नंबर! पाच नंबर!" म्हणजे गेला तासभर माझ्या मुलीचं हॉल तिकीट टीव्हीच्या दारात उभं होतं, आणि आठ नंबर बाकावर बसून स्वस्थ निळा दिवा जाळत होता.

मी पोर्टमधला पाच काढून आठ घातला. क्षणात प्रिंटर जागा झाला आणि त्यानं एक, दोन, तीन करत अकरा हॉल तिकिटं छापली. तासाभरात मुलीनं जितक्या वेळा आज्ञा केली होती तितकी! पुढं राउटरच्या यादीत जाऊन आठ नंबर प्रिंटरच्या नावे राखीव करून ठेवला. तेव्हापासून दिवे कितीही वेळा जावोत, त्याची जागा कोणी घेत नाही.

आता माझा खरा सवाल. संगणकाला ठाऊक होतं की आपण पाच नंबरला हाक मारतोय आणि प्रिंटर ओ देत नाही. मग 'पाच नंबरवर प्रिंटर सापडला नाही, नंबर बदलला आहे का बघा' एवढं एक वाक्य लिहायला त्याच्या बापाचं काय जात होतं?

बंड्याकडे याचं उत्तर तयार होतं. "मामा, साध्या माणसाला नंबर-बिंबर काय कळणार? तो घाबरतो. म्हणून सोपा एकच शब्द ठेवलाय." वाचकहो, या सोपेपणाचीच मला चीड आहे. 'ऑफलाईन' हा एक शब्द किती दुखण्यांवर चालतो बघा. राउटर बदलला आणि पासवर्ड नवा झाला, तरी ऑफलाईन. आमच्या प्रिंटरसारख्याला 2.4 गिगाहर्ट्झचीच लहर ऐकू येते आणि आपण त्याला 5 गिगाहर्ट्झवर बोलवत बसलो, तरी गत तीच. संगणक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या नेटवर्कवर जाऊन बसला, की घरातला प्रिंटर त्याला दिसत नाही. रांगेतलं एखादं जुनं काम अडकून पडलं, तर मागची सगळी कामं खोळंबतात. दुखणी चार, औषधं चार, आणि चिठ्ठीवर शब्द एक! पोटदुखी, दातदुखी आणि गुडघेदुखी या तिन्हींना 'बरं नाही' एवढंच लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपण फी देऊ का?

आणि साध्या माणसाला कळत नाही, हे कोणी ठरवलं? आमच्याकडे येणाऱ्या भाजीवाल्या मावशींना 138 कलम पाठ नसतं. पण मेमोवरचं 'सही जुळत नाही' वाचून दाखवलं की त्या चेक देणाऱ्याकडे जाऊन बरोबर दुसरी सही घेऊन येतात. कारण कळलं की माणूस उपाय शोधतो. कारण नाही कळलं की तो स्वतःलाच दोष देतो, नाहीतर घरच्यांवर डाफरतो. त्या रात्री मीही मुलीवर डाफरलो होतो, "काहीतरी तूच दाबलं असशील!" हे शब्द परत घेता येत नाहीत. त्यांना मेमो नसतो.

मी वायरलेसच्या विरुद्ध नाही. ही समोर बसली आहे म्हणून सांगतोय असं नव्हे. वायरीतही उंदीर दात घालतो. माझं भांडण वायरीशी नाही, मुकेपणाशी आहे.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हॉल तिकिटाच्या उरलेल्या दहा प्रतींकडे बघताना मला आदल्या नोव्हेंबरातले एक आजोबा आठवले. हयातीच्या दाखल्यासाठी दोन बस बदलून आले होते. मी खिडकीतून मान न वळवता म्हटलं, "सर्व्हर डाऊन आहे." त्यांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय झालंय? आज होईल की उद्या येऊ?" मी म्हणालो, "काही सांगता येत नाही." खरं म्हणजे सांगता येत होतं. लाईन तुटल्याचं आणि दुपारी तीनपर्यंत जोडणार असल्याचं मॅनेजरसाहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. मला फक्त बोलायचा कंटाळा आला होता. आजोबा काठी टेकत निघून गेले. त्या दिवशी खिडकीत माझा नुसता निळा दिवा जळत होता.

हल्ली लाईन गेली की मी पुठ्ठ्यावर खडूनं लिहून ठेवतो : काय बिघडलं, कधीपर्यंत दुरुस्त होईल, आणि तोवर कुठली कामं होतील. साहेब म्हणाले, "कशाला लोकांना सगळं सांगता?" पण पुठ्ठा काढला नाही.

घरी मात्र हे तत्त्व माझ्यावर उलटलं आहे. परवा हिनं विचारलं, "गॅसचा नंबर लावलात का?" मी म्हटलं, "नाही." तिनं टेबलावरचं हॉल तिकीट उचललं, त्याची कोरी बाजू वर करून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "कारण लिहा."