बक्षीस कुणाला द्यावे?

आमच्या गावात छोटे वाचनालय आहे. जास्त पुस्तके नेणाऱ्याला बक्षीस, असे तिथे ठरले. मग काही मुलं सकाळी पुस्तक न्यायची अन् संध्याकाळी परत आणायची. वाचतंय कोण? मीपण दोनदा तसंच केलं. माझी मैत्रीण घरी धाकट्या भावाला सांभाळते. तिनं महिन्यात एकच पुस्तक वाचलं, पण सगळी गोष्ट आम्हांला सांगितली. तिचं नाव यादीत शेवटी!

मला वाटते, बक्षीस जरूर द्यावे, पण पुस्तके मोजून नको. गोष्ट विचारावी. पुस्तक न फाडता आणले का, तेही पाहावे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. पुस्तके जपून परत दिली तरच वाचनालय टिकते. आणि बक्षीस म्हणून पुस्तकच द्यावे.

– इयत्ता चौथी