एमआरआयमध्ये ‘गादी झिजली’, म्हणजे वाकायचंच नाही?

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या कंबरदुखीत रिपोर्टवर ‘गादी झिजली’ दिसलं की रुग्ण वाकणंच सोडतो. पण २०१५च्या एका आढाव्यानुसार, कंबर न दुखणाऱ्यांमध्येही ही झीज विसाव्या वर्षी ३७ टक्के, तर ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के जणांत आढळते.

मग दुखणं खोटं? मुळीच नाही. इजा भरली तरी मज्जासंस्था अतिसावध राहू शकते; मांजर चढलं तरी कोकलणाऱ्या कारच्या अलार्मसारखी. हे रुग्णाला समजलं की भीती कमी होते, हालचाल सुरू होते. नुसत्या समजुतीने भागत नाही. चालणं, व्यायाम हळूहळू वाढवावा लागतो. पण हे समजवायला वेळ लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत गोळ्या लिहिणं सोपं!

पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठा.