खर्च व्यर्थ जातो, हे सिद्ध कुठे झाले?

सरकारने आरोग्य-शिक्षणावर कितीही ओतले तरी निकाल तेच राहतात, असे हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. पुरावा अमेरिकेचा. ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर घालवते आणि जपान सुमारे ११, तरी जपानी माणूस पाचेक वर्षे अधिक जगतो. म्हणून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला वाढीव पैसे देऊ नका! मुळात ते १७ टक्के निव्वळ सरकारी नाहीतच. खाजगी विम्याचे हप्ते आणि रुग्णाने खिशातून भरलेली बिले त्यात धरलेली आहेत. तीच औषधे आणि त्याच शस्त्रक्रिया तिथे इतर श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी महाग पडतात आणि विम्याच्या कागदपत्रांवर अफाट रक्कम जाते. हे उदाहरण महाग बाजाराविरुद्ध साक्ष देते, सरकारी तिजोरीविरुद्ध नव्हे. शिवाय २०२० मध्ये केरळचा अर्भकमृत्युदर हजारी ६ होता आणि मध्य प्रदेशचा ४३. सहावरून पाचवर येणे अवघड असते. त्रेचाळीसवरून खाली येण्याचे उपाय मात्र माहीत आहेत आणि स्वस्तही आहेत. दोन्हीकडचा रुपया एकाच मापाने कसा मोजणार? केरळचा सहा हा आकडा त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातूनही आलेला नाही. त्यामागे मुलींच्या कित्येक पिढ्यांचे शिक्षण आहे. त्याच वर्षीचा खर्च आणि त्याच वर्षीचा निकाल शेजारी मांडणारा आलेख हे दाखवूच शकत नाही. आणि जिथे रोगराई जास्त तिथेच निधी जास्त जात असेल, तर खर्च निष्फळ दिसणारच. औषध घेणारे आजारी असतात म्हणून कोणी औषधाला दोष देत नाही.

पैसे खाल्ले जातात हे खरे, पण तो देखरेखीचा प्रश्न आहे. सरकारी शाळांवरचा खर्च व्यर्थ ठरवण्यासाठी खाजगी शाळांचे निकाल सांगणाऱ्यांनी तिथली मुले घरून काय घेऊन येतात ते आधी वजा करावे. खर्चावरच्या अशा शंका नव्या नाहीत; शाळेत जेवण दिले तर शिकवणे मागे पडेल, असाही वाद एकेकाळी झाला होता. उपाशी मूल शिकत नाही, हे तेव्हाही उघड होते.

२००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आले, गावोगाव ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, बाळंतपणासाठी दवाखान्यात येणाऱ्या गरीब बायकांना पैसे मिळू लागले. दवाखान्यातली बाळंतपणे २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८९ टक्क्यांवर गेली. देशाचा अर्भकमृत्युदर २००५ मध्ये ५८ होता, २०२० मध्ये २८ झाला. यात रस्त्यांचा आणि मुलींच्या शाळांचा वाटा आहे, असे कोणी म्हणेल. आहेच, आणि तोही बहुतांशी सरकारी खर्चच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे आणि त्यातला दोनतृतीयांश प्राथमिक सेवेला देण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, तेही कोविडच्या काळात, आपण १.८४ टक्क्यांवर होतो. आधी ते वचन पाळा, मग खर्च व्यर्थ गेला की नाही ते तपासू.