तारपा वाजवणाऱ्याला तो सांधताही यायला हवा

जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घरातच असतं, दुकानात नाही. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मधमाशीचं मेण. त्यात कुठे फट पडली तर दुरुस्तीला कुणी यायचं नाही. ते काम वाजवणाऱ्याचंच.

सगळा खेळ हवेचा आहे. तारप्याचा वादक मध्ये दम न तोडता वाजवतो, त्याच्याभोवती फेर धरलेले नाचणारे त्याच सुरावर पावलं टाकत राहतात. मेणाच्या जोडातून थोडी जरी हवा निसटली तरी त्याला जास्त फुंकावं लागतं, आवाज पातळ होतो आणि तो लवकर थकतो. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. थंडीत ते कडक होऊन तडकतं. म्हणून नाचाच्या हंगामाआधी सांधे तपासणं आलंच. तारपा हळू फुंकत ओला हात जोडांवरून फिरवला की जिथे गार झुळूक लागते तिथे गळती. मेण कोमट करून तिथे दाबून बसवलं की काम भागतं. बाजारातली पक्की चिकटपट्टी किंवा डिंक मात्र लावू नये. आतली बांबूची पाती बदलायची तर जोड उघडावाच लागतो, आणि तो फक्त मेणाचाच सहज उघडतो.

लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटचंही दुखणं हेच. तिथे फटी मेणाऐवजी पॅडमध्ये पडतात. पॅड म्हणजे छिद्र झाकणाऱ्या चावीखालची नमद्याची गादी, वर पातळ चामडं किंवा पडदा. सिगारेटच्या कागदाची पट्टी पॅडखाली ठेवून चावी हलकेच दाबावी आणि पट्टी ओढावी. एका बाजूने ती सैल सुटली तर पॅड तिथे टेकत नाही. ही पाच मिनिटांची तपासणी वादकाला घरी करता आली तर वाद्य दरवेळी शहरात पाठवावं लागणार नाही.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तारपा वाजवणारा आणि तो स्वतः घडवणारा असा हा माणूस! वारली चित्रातला तारपा मुंबईच्या भिंतींवर, साड्यांवर पोचला याचा आनंद आहेच, पण चित्रातल्या तारप्याला फुंकर लागत नाही.

आश्रमशाळांच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून तारपा नाच बसवून घेतला जातो. त्याच मुलांना वर्षातून दोन दिवस गावातल्या जाणत्या वादकासमोर बसवावं, भोपळा निवडण्यापासून मेण लावण्यापर्यंत सारं हाताने करू द्यावं आणि त्या वादकाला शिक्षकाचं मानधन द्यावं. पालघर जिल्हा परिषदेने आणि आदिवासी विकास विभागाने हे येत्या हंगामापासूनच सुरू करावं.