दहा हजार जोडण्या आणि एक अरुंद रस्ता #थ्रेड

१/ २७ ऑगस्ट २००३. नाशिकच्या सिंहस्थातील शाही स्नानाचा दिवस. बॅरिकेडमागे थोपवलेली गर्दी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर रेटली गेली आणि चेंगराचेंगरीत ३९ भाविकांनी प्राण गमावले.

२/ त्याच वर्षी डिसेंबरात लिनक्स २.६ प्रसिद्ध झाले. त्यातील 'ईपोल' ही सोय गर्दीच्याच एका प्रश्नाचे उत्तर होती: एका सर्व्हरने हजारो जोडण्या एकाच वेळी कशा सांभाळाव्यात? डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये याला 'सी-टेन-के', अर्थात दहा हजार ग्राहकांचा प्रश्न, असे नाव दिले होते.

३/ जुन्या रीतीत प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस किंवा थ्रेड असे. समोरून काही येईपर्यंत तो मेमरी अडवून स्वस्थ बसे. जणू प्रत्येक यात्रेकरूमागे एक स्वयंसेवक. १९८३ च्या ४.२ बीएसडीतील 'सिलेक्ट'मुळे एकालाच अनेकांवर लक्ष ठेवता येऊ लागले, पण दर वेळी संपूर्ण यादी तपासावी लागे. ईपोल मात्र जिथे काही घडले तेवढ्याच जोडण्या कळवते.

४/ 'लिबइव्हेंट' आणि पुढे नोड.जेएससाठी घडवलेली 'लिबयूव्ही' या लायब्रऱ्यांनी हे तंत्र सामान्य प्रोग्रामरच्या हाती दिले. 'अमुक घडले की हे करा' एवढे सांगायचे. वाट पाहण्याचे काम लायब्ररीचे.

५/ येथेच एक गैरसमज रुजला. जोडणी स्वीकारणे स्वस्त झाले, म्हणून सेवा देणेही स्वस्त झाले असे मानले गेले. मागचा डेटाबेस तेवढाच अरुंद राहतो. अनुत्तरित विनंत्या मेमरीत साचतात, ताटकळलेले फोन पुन्हा विनंती धाडतात आणि गर्दीत गर्दीची भर पडते.

६/ २०२६-२७ च्या सिंहस्थात हरवलेल्यांचा शोध, घाटांची स्थिती, मार्गबदल हे सारे फोनवर मिळावे, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र अशा यंत्रणेचे मोल 'किती जोडण्या पेलते' या आकड्यावर ठरू नये. एका वेळी किती विनंत्या आत घेणार? किती सेकंदांनी जोडणी सोडणार? घाट भरल्याची सूचना इतर विनंत्यांमागे अडकणार नाही ना? हे आधी विचारावे.

७/ 'थोड्या वेळाने या' असे दारातच सांगणारा सर्व्हर उद्धट वाटेल. सर्वांना आत घेऊन कोणालाच उत्तर न देणारा अधिक घातक. गर्दीत अडकलेल्या माणसासाठी उशिरा आलेले उत्तर हे उत्तरच नसते. थोपवायचे तर दूरवर, वेळेवर आणि परतीची वाट मोकळी ठेवून थोपवावे. रस्त्यावरही आणि सर्व्हरवरही.