इंग्रजीने पुसलेले प्रश्न

किर्केगार्द किंवा अँडरसन 'मुळातून' वाचला असे आपल्याकडे कोणी सांगतो, तेव्हा ते 'मूळ' बहुधा इंग्रजी असते. इंग्रजी म्हणजे स्वच्छ काच, पलीकडचे जसेच्या तसे दिसते, असा हा समज. आम्हांला तो मान्य नाही. आणि तो खोडण्यासाठी मोठमोठ्या संज्ञांकडे जायला नको, रोजची क्रियापदे पुरेत.

'थिंक' घ्या. त्याच्या जागी डॅनिशमध्ये निदान तीन क्रियापदे आहेत. विचार करणे म्हणजे 'टेंके'. स्वतः अनुभवून बनलेले मत सांगायचे तर 'स्यूनेस'. खात्री नाही, नुसता अंदाज आहे, तर 'त्रो'. पुस्तक चांगले आहे हे 'स्यूनेस' वापरून म्हणणाऱ्याने ते वाचलेले असते. 'त्रो' म्हणणाऱ्याने सहसा नसते. (हा भेद मराठी परीक्षणांना सक्तीचा केला तर किती परीक्षणे छापून येतील, हे तूर्त बाजूला ठेवू.) इंग्रजीत दोघेही 'आय थिंक' म्हणून मोकळे होतात. जुन्या इंग्रजीत विचार करणे आणि वाटणे यांसाठी दोन निराळी क्रियापदे होती. ती एकमेकांत मिसळली, आणि दुसऱ्याची खूण शेक्सपिअरच्या 'मीथिंक्स'मध्ये तेवढी दिसते.

मराठी अनुवादक 'आय थिंक' दिसले की 'मला वाटते' लिहितो. यात मराठी उणी पडते असे नाही. 'पुस्तक चांगले वाटले' आणि 'पुस्तक चांगले असावे' यांतले अंतर शाळकरी मुलालाही कळते. 'असावे' हे रूप 'त्रो'चे काम चोख करील. पण ते कुठे योजायचे हा प्रश्नच इंग्रजीने पुसून टाकलेला असतो. 'लिव्ह'च्या मागे 'बो' (राहणे) आहे की 'लेवे' (जगणे), हे संदर्भावरून तरी उमगते. इथे संदर्भही अनेकदा हात देत नाही.

'त्रो'ची गोष्ट इथे संपत नाही. 'पाऊस येईल बहुतेक' म्हणताना डॅनिश माणूस जे क्रियापद वापरतो, तेच केवळ अव्ययाच्या फरकाने ईश्वरावर विश्वास ठेवण्यासाठीही येते, आणि त्याचे नामही तेच. 'भय आणि कंप' (१८४३) हा किर्केगार्दचा ग्रंथ या नामाभोवती फिरतो. इंग्रजीत नाम 'फेथ' झाले, क्रियापद 'बिलीव्ह' झाले. आपण 'श्रद्धा' लिहून त्याला सोवळे नेसवले. अब्राहामाच्या श्रद्धेला रोजच्या बोलण्यातल्या अनिश्चिततेशी जोडणारा धागा तिथेच तुटला.

'डॅनिश शिकायला वेळ कोणाला?' हे उत्तर ठरलेले आहे. नका शिकू. २०१६च्या सुमारास 'ह्युगे' या एका शब्दावर इंग्रजीत पुस्तकांची लाट आली, मेणबत्त्या आणि लोकरी मोजे यांच्यासकट, तेव्हा त्याचे कौतुक करायला आपल्याकडे वेळ होताच. 'भय आणि कंप'ची एकाहून अधिक इंग्रजी भाषांतरे आहेत. त्यांतली दोन वर्गात शेजारी ठेवावीत, जिथे ती फुटतात तिथे डॅनिश शब्दकोश उघडावा. आणि अनुवादाच्या मुखपृष्ठावर 'इंग्रजीवरून' एवढा शब्द छापावा.